चौकीबाबाचे डोळे

माझ्या देवभक्तीविषयी मी चार ओळी लिहायला बसलोय हे बायकोला कळलं, तर ती आधी हसेल आणि मग ताप आलाय का ते बघेल. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या गणपती करणारं. मूर्ती कुणीही रंगवतो, पण डोळ्यांची आखणी हे वेगळं काम. त्यासाठी सगळी कुंभार गल्ली माझ्याकडे येते आणि मी थोडे आढेवेढे घेऊन ते करतो. मी डोळे काढले की मातीचा गोळा समोरच्याकडे बघायला लागतो आणि माणसाचे हात आपोआप जुळतात. माझे मात्र जुळायचे नाहीत. ज्यानं देवाच्या पोटात काथ्या कोंबलाय, सोंडेत तार घातलीय आणि कान वाळेना म्हणून देवाला टेबलफॅनपुढे बसवलंय, त्याला भक्ती अवघडच जाते. आई शेवटच्या आजारात होती तेव्हा मीही देवघरापुढे बसलो होतो. खूप प्रयत्न केला. पण देवाच्या तोंडाकडे बघताना मला फक्त डाव्या भुवईतली चूक दिसत राहिली. त्यानंतर देव करायचं काम चालू राहिलं, देवाकडे मागायचं तेवढं मी सोडून दिलं.

अशात एक दिवस मुल्ला हवालदार बगलेत खोका घेऊन दारात उभे राहिले. मुल्लासाहेब आमच्याच भागातले, दरवर्षी मिरवणुकीत दोरी धरून आमच्या मूर्तीपुढे चालणारे. खोक्यात काहीतरी खायचं असेल म्हणून बायको चहा घेऊन लगबगीनं बाहेर आली. खोक्यातून माणसाची कवटी निघाली. ती प्लास्टरची नक्कल आहे हे सांगेपर्यंत चहा आत गेला होता.

प्रकरण जुनं होतं. काही वर्षांमागे उन्हाळ्यात शिरोली एमआयडीसीमागच्या एका बंद दगडखाणीतलं पाणी आटलं आणि तळाशी सांगाडा सापडला. कपडे कुजलेले, खिशात काही नाही. डॉक्टरांनी सांगितलं की पुरुष आहे, वय पन्नाशीच्या आसपास, नाक कधीतरी मोडून वाकडं जुळलेलं, घातपाताची खूण नाही, अंधारात पाय घसरला असावा. हरवलेल्या माणसांच्या तक्रारी चाळून झाल्या, एकही जुळली नाही. मग कॉम्प्युटरवर चेहरा काढला. तो इतका साधारण निघाला की निम्म्या जिल्ह्याशी जुळला, आणि पोस्टर लागल्यावर चार जिवंत माणसं ठाण्यात येऊन भांडून गेली. तेव्हापासून फाइल थंड पडली होती. आता नवे साहेब आले होते आणि कवटीवर माती चढवून चेहरा करता येतो, हे त्यांनी कुठंतरी बघितलं होतं.

"अण्णा, एवढं करा की," मुल्लासाहेब म्हणाले. "नाव कळंना, गाव कळंना. जाळायचा का पुरायचा त्ये बी कळंना. मी रिटायर व्हायच्या आत ह्येला त्येच्या माणसांत पोचवायचा हाय."

मी देव करतो, मयत करत नाही, असं मी जरा तोऱ्यातच सांगितलं. त्यावर बायको आतून म्हणाली, "करा हो. कुठंतरी एक बाई रोज सकाळी आरशाम्होरं थांबत असंल, कुंकू लावू का नको म्हणून." आमच्या घरात शेवटचं वाक्य नेहमी आतून येतं. मी खोका ठेवून घेतला.

काम तसं सोपं होतं. डॉक्टरांनी कवटीवर जागोजागी काड्या चिकटवून दिल्या होत्या, काडीच्या टोकापर्यंत माती भरायची. गाल भरले, हनुवटी आली, वाकडं नाक जसं सांगितलं तसं वाकडं केलं. गणपतीच्या रांगेत मयताचं डोकं नको म्हणून बायको त्यावर रोज आपलं जुनं लुगडं टाकायची आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून पुढं उदबत्तीही लावायची. मातीवरून साचा काढला, प्लास्टरचा मुखवटा झाला, चेहऱ्याला पक्का रंग दिला. घोटाळा झाला तो डोळ्यांपाशी. माणसाचे डोळे काढायचे असं ठरवून मी बसलो. नमुना म्हणून आरशात स्वतःचे बघितले, मुल्लासाहेबांचेही बघितले, पण ते बंदोबस्तातले, कायम तारवटलेले. शेवटी ब्रश टेकवला आणि हात आपल्या वाटेनं निघाला. इतक्या वर्षांची सवय, तिला काय करणार? पुसून पुन्हा काढले तरी तेच, देवाचे. साहेब मुखवट्यापुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "हा हरवलेला वाटत नाही हो. आपण हरवलोय आणि ह्याला सापडलोय, असं वाटतंय." मी ती स्तुती समजलो आणि घरी येऊन बायकोला सांगितली.

मुखवटा एसटी स्टँडजवळच्या चौकीबाहेर टेबलावर ठेवला. जाणाऱ्या-येणाऱ्या चार तालुक्यांची नजर पडावी, एवढाच हेतू. शेजारी पाटी होती, "या इसमास कोणी ओळखत असल्यास चौकीत संपर्क साधावा." पहिल्या दिवशी एका भाजीवालीनं नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी झेंडूचा हार आला. मुल्लासाहेब बाहेर येऊन म्हणाले, "आजी, ह्यो देव न्हाय, मयत हाय." आजी म्हणाली, "व्हय बाबा, समाधी घेतली असंल," आणि तिनं साखर ठेवली.

पुढचं सगळं त्या जागेमुळे झालं. चौकीत येतात कोण, तर काहीतरी हरवलेली माणसं. तक्रार देण्याआधी ती सहज मुखवट्याला हात जोडायची. त्यातल्या एकाची शेळी सापडली, एकीचं कानातलं पिठाच्या डब्यात निघालं, एका कॉलेजच्या पोराचा मोबाइल चोरानंच आणून दिला. तपास पोलिसांचा आणि नाव बाबाचं. बघता बघता त्याचा चौकीबाबा झाला आणि त्याची कीर्ती एसटीत बसून आजऱ्या-चंदगडापर्यंत गेली. मुखवटा आत न्यायचा हुकूम साहेबांनी एकदा दिला होता, पण तेवढ्यात बायकांचं एक भजनी मंडळ येऊन समोर बसलं. मुल्लासाहेब तर नकळत पुजारीच झाले. सकाळी नारळाच्या करवंट्या झाडायच्या, हार बदलायचे, आणि अंगारा मागणाऱ्याला सांगायचं, "अंगारा मिळत न्हाय, तक्रार लिवायची असंल तर बसा."

हे सगळं बघून मला राग यायचा आणि, खोटं कशाला बोलू, आतून गुदगुल्याही व्हायच्या. चार तालुके माझ्या डोळ्यांना हात जोडत होते. पण एक गोष्ट मुल्लासाहेबांनी बोलून दाखवली आणि ती मला झोंबली. ते म्हणाले, "अण्णा, सगळं बघत्यात, पर ओळखत कोणच न्हाय. डोळ्यातनं खाली नजरच जात न्हाय कुणाची." त्या रात्री जेवण गोड लागलं नाही. मुखवट्याचं नाक बरोबर होतं, हनुवटी बरोबर होती, फक्त मी मध्ये आलो होतो. नवे डोळे काढायची तर छाती होत नव्हती, कारण पुन्हा तेच आले असते. त्या दिवशी खूप वर्षांनी मी देवघरापुढे उभा राहिलो. हात जोडले नाहीत, पण म्हणालो, बाबा रे, माझ्या हातून हे सुटत नाही, तुझं तू बघ. आणि झोपलो.

आता जे झालं ते जसं झालं तसं सांगतो. गुळाच्या एका व्यापाऱ्याची चोरीला गेलेली मोटारसायकल सापडली. त्याच्या बायकोनं हौसेनं, मुल्लासाहेब चहाला गेलेले बघून, बाबाला घागरभर दुधाचा अभिषेक घातला. चेहऱ्याचा रंग पक्का होता, पण डोळे मी सवयीनं पाण्याच्या रंगात काढले होते. गणपतीला शेवटी विसर्जनालाच जायचं असतं, त्याच्या डोळ्यांना पक्का रंग कोण देतो? मुल्लासाहेबांचा फोन आला, "अण्णा, देवाचं डोळं गेलं." मी ब्रश घेतले आणि त्या बाईला, व्यापाऱ्याला आणि मोटारसायकलला शिव्या घालत स्टँडवर पोचलो.

मुखवट्यापुढे एक बाई उभी होती. पन्नाशीची, चंदगडच्या पहिल्या गाडीनं आलेली, हातात नारळाची पिशवी. मी म्हणालो, "बाई, जरा सरका की, डोळं काढायचं हाय."

ती हलली नाही. हळूच म्हणाली, "नगासा काढू. झोपलाय त्यो."

भक्तांची तऱ्हा मला ठाऊक होती. मी म्हणालो, "देव झोपत नसतोय बाई."

"देव कुठला?" ती म्हणाली. "ह्यो माझा दादला हाय."

मुल्लासाहेब बाकावरून उठले ते उभेच राहिले. बाईनं पिशवी खाली ठेवली आणि त्या वाकड्या नाकावरून बोट फिरवलं. नाक बैलानं मोडलं होतं, लग्नाच्या आधी. नवरा शिरोलीला फौंड्रीत भट्टीवर होता, कायम रातपाळीला. खाणीपलीकडच्या चाळीत त्यांची भाड्याची खोली होती. "जागा असलेला मी बघितलाय किती सांगा की," ती म्हणाली. "भाकरी थापताना, धुणं धुताना, पोरीची येणी घालताना, ह्यो आपला असाच पडलेला. ह्याच नाकातनं घोरायचा." एक दिवस तो कामावरून परतलाच नाही. गोव्याला पळाला, कुणीतरी बाई असेल, असं चाळ म्हणाली, मग गावही म्हणालं. पळालेल्या नवऱ्याची तक्रार देऊन आणखी हसं कशाला, म्हणून तिनं ती दिलीच नाही. गावी जाऊन काजूच्या कारखान्यात काम धरलं आणि पोरगी वाढवली. आणि महिन्यामागं, चौकीबाबाकडे हरवलेलं सापडतं असं ऐकून, ती इथं येऊन नवस बोलून गेली होती. तेव्हा बाबाला डोळे होते. तिनं डोळ्यांकडे बघून हात जोडले होते आणि परत गेली होती. आज बाबाला जाब विचारायला आली होती.

"म्हंजी मी ह्येच्याकडंच ह्येला मागून गेलते की ओ," ती म्हणाली आणि हसली. हसता हसता खालीच बसली आणि मग रडली. मुल्लासाहेबांनी पाणी दिलं. खाण कुठं, सांगाडा कसा सापडला, हे त्यांनी जपून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "खाणीच्या कडंनं पायवाट हाय की. आमच्या खोलीकडं जाती ती. मग घराकडंच याय लागला हुता का न्हाय?"

"व्हय बाई," मुल्लासाहेब म्हणाले. "घराकडंच."

"मग लिवा तसं," ती म्हणाली. "मेलाय म्हणून लिवा. पळाला न्हाय म्हणून बी लिवा."

नाकावर सरकार विश्वास ठेवत नाही. मुलीचं रक्त घेतलं, तपासणीला पाठवलं, उत्तर यायला बराच काळ गेला आणि शेवटी जुळलं. अस्थी गावी गेल्या, अग्नी मिळाला, आणि ते उरकून मुल्लासाहेब सुखानं रिटायर झाले. मुखवटा बाईनं मागून घेतला. तो न्यायच्या दिवशी स्टँडवर भक्त जमले, बाबाला कुठं नेताय म्हणून कुरकुरले. बाई म्हणाली, "ह्येला धड बाजार आणायची अक्कल न्हवती, ह्यो तुमचं काय सोडवणार?" मग तिलाच दया आली असावी. म्हणाली, "पाया पडायचं तर पडा. नारळ तेवढा नगा फोडू, जागा हुईल."

मी आणि मुल्लासाहेब तिला गाडीत बसवायला गेलो होतो. मुखवटा तिनं मांडीवर घेतला होता. मिटल्यासारखे दिसणारे ते कोरे डोळे मी तसेच ठेवले होते. कंडक्टर आला, आधी बिचकला, मग म्हणाला, "पावणं झोपल्यात व्हय?" बाईनं दोन तिकिटं मागितली. "तुमचं निम्मं, मावशी. ह्येंचं कशाला?" तो म्हणाला. "फाडा की," ती म्हणाली. "ह्येंचं परतीचं ऱ्हायलंय." त्यानं पुरं तिकीट फाडलं आणि तिनं ते मुखवट्याच्या हारात खोचलं. गाडी हलली, आणि माझ्या लक्षात आलं की माझे हात जुळलेले आहेत. कधी जुळले ते मला कळलं नाही. समोर माझ्या हातचे डोळे होते ते पुसले गेलेले होते, आणि तरी जुळले होते.

बाईच्या कपाळावर त्या दिवशी कुंकू होतं. घरी येऊन ते बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "ठेवू दे न्हाय तर पुसू दे. आता तिचं ती ठरवंल की." आणि तिनं देवघरात दिवा लावला.

हा चमत्कार होता का, मला विचारू नका. दूध व्यापाऱ्याच्या बायकोनं ओतलं, रंग कच्चा होता, चंदगडची गाडी वेळेवर आली. पण सुटत नव्हतं ते कुणीतरी माझ्या हातून सोडवलं, आणि तेही मला न दुखवता, वर थोडं हसवून. त्या दयेचा मी ऋणी आहे. आता सीझनला मूर्ती तयार झाली, रंग वाळला, गिऱ्हाईक दारात घाई करत असलं, तरी मी लगेच डोळे काढायला बसत नाही. बायको विचारते, "कशाची वाट बघताय?" मी म्हणतो, थांब जरा, कोणी ओळखून न्यायला येतंय का बघू. कोणी आलं नाही की मग देवाला विचारून ब्रश उचलतो.