हिरेमठ सरांची ओढाओढ

हिरेमठ सर तोंडाने काही न बोलता सरळ आपल्या माऊसवर हात ठेवायचे. आपला हात तिथे असला तरी. मग आपणच हात काढून घ्यायचा, खुर्ची मागे सरकवायची आणि बघत राहायचं. चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या डिझाइन ऑफिसात मी रुजू झाले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्क्रीनवरची माझी फ्लँज, म्हणजे पाइपच्या तोंडाची भोकं पाडलेली चकती, अशी धरली आणि ओढली. ती पाइप सोडून स्क्रीनच्या कोपऱ्यात जाऊन पडली. "शबानाबाई, तुमची फ्लँज करमाळ्याला निघाली की! तिकीट काढलंय का तिचं?" सगळे खिदळले. घरी जाऊन मी रडले आणि अम्मीला सांगितलं, डोळ्यात धूळ गेली.

आमचं काम पाइपिंगचं. पाइप, पाइपला वळण देणारा एल्बो, व्हॉल्व्ह, फ्लँज असे सुटे भाग संगणकावर जोडून मॉडेल बनवायचं. कुठला भाग कशाला चिकटणार, कुठलं भोक कुठल्या भोकासमोर येणार, हे एकेक बंधन घालून सांगायचं. दोन बंधनांचं भांडण लागलं की यादीत लाल खुणा उमटतात. मग कुणाचं कुणाशी बिनसलंय, ते एकेक बंधन बंद करून, पुन्हा चालू करून शोधत बसायचं. डोळे फोडणारं काम हो. त्याला एक चोरवाट आहे. बंधनं उडवून द्यायची आणि भाग आहे त्या जागी कुलूपबंद करायचा. लाल खुणा गायब! ओढला तरी हलत नाही. पण उद्या पाइपची लांबी बदलली की बाकी सगळं सरकतं आणि तो भाग हवेत लटकत राहतो. सर याला खिळा ठोकणं म्हणायचे. "लाल दिसतंय तोवर दुरुस्त होतंय. खिळा ठोकला की मेलं म्हणायचं."

दर शनिवारी दुपारी सगळ्यांनी एका स्क्रीनमागे जमायचं, हा त्यांचा नेम. सर आधी भाग ओढणार, मग लांबी बदलणार. खिळा सापडला की विचारणार, "कुणी ठोकलाय? उभं राहा की." कुणाचा आहे ते त्यांना पक्कं ठाऊक असायचं, तरी विचारायचे. मग त्या माणसाने चहा येईपर्यंत उभं राहायचं, आणि चहा कधी येऊ द्यायचा ते सर ठरवणार. पाय मुरगळलेल्या माणसालाही त्यांनी सूट दिली नाही. सरांचं स्वतःचं मॉडेल मात्र कधी कुणी उघडलं नव्हतं. कुणाची छाती होती?

सगळ्यात जास्त उभा राहिला तो बसवराज, त्यांचा मुलगा. बापलेक घरून एकाच गाडीवर यायचे, पण ऑफिसात त्याने 'सर' म्हणायचं. बसूचं काम चांगलं होतं, मी शेजारी बसून बघत होते ना! पण त्याच्या मॉडेलमध्ये काही सापडलं नाही की सर नुसतं म्हणायचे, "हं. पुढचं." आणि एकदा एल्बो चुकला, तर सगळ्यांदेखत म्हणाले, "आईवर गेलास. तिलाबी दोन भांडी एकावर एक नीट ठेवता येत नव्हती." आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्या दिवशी टपरीवर बसू मला म्हणाला, "एकदा नुसतं 'जमलं' म्हणू दे गं त्यांनी. मग मी हितं राहतबी न्हाय." हसत म्हणाला, पण चहा तसाच ठेवून उठला.

पुढे सरांना साखरेने गाठलं आणि डोळ्यांवर आलं. स्क्रीनला नाक लावून बसायचे. लाल खुणा त्यांना दिसेनाशा झाल्यात, हे आम्हाला कळत होतं. कुणी काही विचारलं तर, "तुमी आपलं आपलं बघा." दया वगैरे कुणाला आली नाही. उलट आम्ही एकमेकांना खुणावून हसायचो.

निवृत्तीआधीच्या त्यांच्या शेवटच्या शनिवारी बसू स्क्रीनसमोर बसला आणि म्हणाला, "आज सरांचं मॉडेल घेऊ या."

सर आपल्या खुर्चीतून म्हणाले, "घ्या की. भीती हाय व्हय कुणाची?"

बसूने व्हॉल्व्ह ओढला. हलला नाही. फ्लँज ओढली, तीही घट्ट. मग त्याने पाइपची लांबी बदलली. व्हॉल्व्ह, फ्लँज, सगळं मिळून पुढे सरकलं. एक एल्बो तेवढा मागे राहिला, दोन्ही तोंडं उघडी टाकून.

बसूने वडिलांकडे पाहिलंसुद्धा नाही. अगदी त्यांच्याच आवाजात म्हणाला, "कुणी ठोकलाय? उभं राहा की."

या अल्ला! त्या माणसाने मला कमी छळलं नव्हतं, पण तेव्हा बसूच्याच कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटली. सर टेबलाला हात टेकून उठले. तेवढ्यात टपरीवाले मामा किटली घेऊन दारात आले. बसू उठून दाराशी गेला आणि म्हणाला, "मामा, जरा थांबा. सांगतो तेव्हा आणा."

मला राहवेना. स्क्रीनजवळ येऊन मी म्हणणार होते, सर, बसा. पण त्याआधीच सर माझ्याकडे वळले. चेहरा कधी नव्हे इतका मऊ झाला होता.

"बसू," ते मला म्हणाले, "बरोबर पकडलंस. जमलं रे तुला."

बसू दारात उभा होता, मामांची किटली धरून.