प्रत्येक प्रतीत एक खोटं

चोरांचा आमच्या दाजींइतका विचार करणारा माणूस जुन्नर-आंबेगावात दुसरा नसेल. पोलीस इतका विचार करत नाहीत, आणि चोरांना तर तेवढी फुरसत नसावी. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला महाळुंगे पडवळला, हायस्कूलमध्ये भूगोल शिकवून निवृत्त झालेले. आता असा माणूस घरादाराला कुलपं लावत फिरत असेल असं कोणालाही वाटेल, पण तसं काही नाही. ताईच्या घराच्या पुढच्या दाराची कडी गेली कित्येक वर्षं लागतच नाही, आणि ती दुरुस्त करावी असं दाजींना कधी वाटलेलं नाही. एकदा कळंबला त्यांची मोटारसायकल चावीसकट रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि हे वडापच्या जीपमध्ये बसून घरी आले. जेवण झाल्यावर आठवण झाली, तर म्हणाले, "असू दे, गाडी कोण नेतंय." दाजींचा जीव अडकला होता तो त्यांच्या फाइलींत.

निवृत्तीनंतर त्यांनी स्पर्धा परीक्षांच्या नोट्स तयार केल्या. तलाठी, ग्रामसेवक, पोलीस भरती, अशा सगळ्या परीक्षांच्या, स्वतः टाइप केलेल्या. नोट्स चांगल्या होत्या हे मी नातं बाजूला ठेवून सांगते. शेवटच्या बाकावरच्या मुलाला कळेपर्यंत ते एकेक परिच्छेद पुन्हा लिहायचे. या नोट्स ते इंटरनेटवर विकत. मुलानं पैसे भरले की त्याला लिंक जायची, आणि लिंक दाबली की फाइल त्याच्या मोबाइलवर उतरायची. वजन नाही, गोणी नाही, हमाली नाही. आमच्या ताईला हा व्यापार शेवटपर्यंत समजला नाही. ती म्हणायची, "इकल्यावरबी ती ह्यांच्याकडं हायेच की. मग इकलं काय ह्यांनी?" दाजी म्हणायचे, "तेच तर दुखणं आहे. द्राक्षं चोरली तर वेलीला घड कमी दिसतो. हे चोरलं तर कुठं काही कमीच दिसत नाही. मग माणसानं बोंब मारायची तरी कशाच्या जोरावर?"

पहिल्यांदा त्यांनी फाइल फुकटच्या जागेत ठेवली आणि तिची उघडी लिंक पहिल्या गिऱ्हाइकाला पाठवली. दुसरं गिऱ्हाईक बरेच दिवस आलंच नाही. मग एक दिवस मंचरहून नारायणगावला जाताना एसटीत शेजारच्या मुलाच्या मोबाइलवर दाजींना स्वतःचं पान दिसलं. त्यांनी विचारलं, "बाळ, हे कुठून घेतलंस?" मुलगा म्हणाला, "ग्रुपवर आलं व्हतं, काका. पायजे का? टाकू तुमाला?" दाजींनी नंबर दिला, आणि मुलानं दाजींच्या नोट्स दाजींना पाठवल्या, अगदी फुकट. वर म्हणाला, "लई भारी हायेत. कोण मास्तर हाय कुणास ठाऊक." घरी आल्यावर हे सांगताना दाजींना संतापावं की सुखवावं ते ठरवता येईना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं.

तिथून राखण सुरू झाली. त्यांनी एका कंपनीकडे सर्व्हरवर भाड्यानं जागा घेतली, आणि घेतल्याच्या दिवशी तिथल्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. फोन घेणाऱ्या मुलीला पहिला प्रश्न होता, "सर्व्हर कुठल्या गावाला आहे?" ती म्हणाली, "सर, ते सांगता येत नाही." "बरं. राखणीला माणूस आहे का?" "हो सर, सिक्युरिटी असते." "मुक्कामी असतो की येऊनजाऊन?" ती मुलगी बहुधा नवीन होती, कारण ती विचारून सांगते म्हणाली. दाजींचं समाधान झालं नाही. त्यांनी आणखी एका कंपनीकडे दुसरी जागा घेतली आणि तिथे नक्कल ठेवली. "सगळा कांदा एका बराखीत भरत नाहीत," म्हणाले. ताई भाकरी थापत होती, ती मान वर न करता म्हणाली, "कांदा सडतो तरी. बराख मोकळी हुती."

मग कुलपं आली. लिंक एका दिवसात मरायची. फाइलीला पासवर्ड होता आणि तो फक्त फोनवर मिळायचा, तोही समोरचा माणूस खरा असल्याची दाजींची खात्री पटल्यावर. ही खात्री ते भूगोलाचे प्रश्न विचारून करत. आळेफाट्याच्या एका गॅरेजवाल्या मुलानं अखेर विचारलं, "सर, पैसं मी भरलं ना? मग परीक्षा तुमी का घेताय?" प्रत्येक पानावर घेणाऱ्याचं नाव आणि मोबाइल नंबर तिरपा छापलेला असायचा, आणि चोराला पुसता येऊ नये म्हणून इतका ठळक, की महाराष्ट्राच्या नकाशावर कोकणापासून विदर्भापर्यंत कुणाचंतरी आडनावच पसरलेलं असे. छापणं बंद, मजकूर उचलणं बंद. एवढं झाल्यावर त्यांना कोणीतरी सांगितलं की एका मोबाइलवरच्या पानाचा दुसऱ्या मोबाइलनं फोटो काढता येतो. त्या दिवशी दाजी ताटावरून उठले. आठवडाभर येईल त्याला एकच विचारायचे, "याला कुलूप कुठं लावायचं, सांगा." पशुवैद्य आला होता म्हैस तपासायला, त्यालाही विचारलं.

त्याला कुलूप नाही हे पटल्यावर त्यांनी सापळा लावला. ही गोष्ट त्यांनी घरात फक्त मला सांगितली, कारण मी कामाची माणूस आहे आणि कुठे बोलत नाही असा त्यांचा समज होता. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रतीत ते एक खोटं घालत. दर गिऱ्हाइकाला वेगळं. एखाद्या डोंगराची उंची, एखादा घाट भलत्याच दोन गावांमध्ये. चोरीची प्रत हाती लागली की तिच्यात कोणतं खोटं आहे ते पाहायचं, म्हणजे ती कोणाकडून फुटली ते कळतं. कोणाला कोणतं खोटं दिलंय हे त्यांना तोंडपाठ होतं. वर्गातल्या मुलांचे हजेरी क्रमांक त्यांना अजून पाठ आहेत, तसंच हे. मी म्हटलं, "दाजी, पोरं हे वाचून परीक्षेला बसतात." ते हसले. "अगं, मोठ्या गोष्टीला मी हात लावत नाही. कुठल्याच परीक्षेत कधी विचारणार नाहीत असलंच बदलतो. बुजगावणं आहे ते. बुजगावणं काय पीक खातं?"

आणि एकदा सापळ्यात चोर सापडलाही. एका ग्रुपवर फिरणारी प्रत दाजींच्या हाती आली. तिच्यावरचं नाव कोणीतरी खुबीनं पुसलं होतं, पण आत कोकणातल्या एका छोट्या नदीचा उगम भलत्याच ठिकाणी लिहिलेला होता. नदीचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर तेवढंच कोणाच्यातरी डोक्यात राहायचं. ते खोटं कळंबजवळच्या एकाच मुलाला दिलेलं होतं. दाजी त्याच्या घरी गेले. मुलाच्या बापानं "या पावणं" म्हणून चहा ठेवला, मुलानं खाली मान घालून कबूल केलं आणि ग्रुपवरची फाइल तिथल्या तिथे काढून टाकली. पुढे महिनाभर दाजी ज्या लग्नाला गेले तिथे ही गोष्ट, चोर ओळखला कसा तेवढं गाळून, सांगत होते. समोरच्या ताटातली जिलेबी पाकासकट सुकून जायची. फाइल तोवर किती ग्रुपांत गेली होती, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही.

त्यांची मुलगी स्नेहल तेव्हा पुण्यात दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करत होती. याआधी दोनदा ती थोडक्यात हुकली होती. या वेळी नाही झालं तर खोली सोडून घरी यायचं, हे तिनं स्वतःच ठरवलं होतं आणि आईबापांना सांगूनही टाकलं होतं. ताई तेव्हापासून देवाशी सुद्धा जपून बोलायची. दाजींनी मुलीला नोट्स फुकट देऊ केल्या, पण अट घातली: पानोपानी तिचं नाव-नंबर असणार, आणि खोलीतल्या मैत्रिणींना दाखवायच्या नाहीत. स्नेहल म्हणाली, "एका खोलीत राहायचं, एका डब्यातलं खायचं, आणि हे लपवून वाचायचं? नको मला, पप्पा." दाजी म्हणाले, "तत्त्व म्हणजे तत्त्व." विषय तिथे संपला. ती पुस्तकांवरून अभ्यास करते असं ते धरून चालले. त्यांना त्याचा थोडा अभिमानही होता.

परीक्षा झाली, आणि निकालाची वाट पाहायला स्नेहल घरी आली. उत्तरतालिका आली त्या दिवशी मी ताईकडेच होते, लोणच्याचा लसूण सोलू लागायला. स्नेहल मोबाइल घेऊन ओट्यावर बसली आणि दाजी तिच्याजवळ खुर्ची ओढून. तिचं बरोबर उत्तर हिरवं दिसायचं, चुकलेलं लाल. बहुतेक हिरवंच होतं. दाजी प्रत्येक हिरव्याला "वा" म्हणत होते, आणि लाल आलं की "असू दे, असू दे." ताई लसूण सोलायची थांबून दोघांच्या तोंडाकडे पाहत होती. मग ती नदी आली. लाल.

दाजी म्हणाले, "हे कसं चुकलं? एवढं सोपं..." आणि तिनं दिलेलं उत्तर वाचून बोलता बोलता थांबले.

स्नेहल म्हणाली, "तुमच्या नोट्समध्ये हेच आहे, पप्पा."

"माझ्या नोट्स तुझ्याकडे कुठं आहेत?"

"रूमवर होत्या. ग्रुपवरून आलेल्या. तिघी त्याच वाचायचो."

स्नेहलनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं तेवढ्यात तिला सगळं समजलं. बापाचा तो लग्नातला किस्सा तिनंही ऐकला होता. ती हळूच म्हणाली, "हे चुकीचं आहे, हे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मुद्दाम घातलेलं."

"चोर सापडावा म्हणून, बाळा."

"मग सापडला की," ती म्हणाली, आणि मोबाइल पुढच्या प्रश्नावर नेला. उरलेली सगळी उत्तरं ती मोठ्यानं वाचत गेली. दाजींनी एकदाही "वा" म्हटलं नाही.

निकालाची यादी लागायला बरेच महिने गेले. त्या काळातले दाजी मला ओळखू यायचे नाहीत. फोन केला की नोट्सचं नावही काढायचे नाहीत, पावसापाण्याचं बोलायचे. ताईला मात्र विचारायचे, "एका उत्तरानं काय होतंय, नाही का?" ताई म्हणायची, "काय नाय हुत. जेवा." यादी लागली. स्नेहल तिच्यात नव्हती. एक उत्तर बरोबर आलं असतं तर असती. हे दाजींनीच ताडून पाहिलं, आणि घरात कोणी विचारलं नसताना सांगितलंही. स्नेहल पुण्याला जाऊन खोली रिकामी करून आली.

त्यानंतरचे दाजी, हे खरं म्हणजे लिहायचंच नव्हतं, पण लिहिल्याशिवाय माणूस पुरा होत नाही. त्यांनी सगळी कुलपं काढली. पासवर्ड गेले, लिंक मरायच्या थांबल्या, पानांवरची नावं गेली. सगळी खोटी दुरुस्त करून नोट्स त्यांनी साइटवर उघड्या ठेवल्या, ज्याला हव्यात त्यानं घ्याव्यात. घेतंय कोण? सगळ्यांकडे जुन्या आहेतच. ज्यांनी पैसे भरून घेतल्या होत्या त्यांना कळवता आलं. चोरीच्या प्रती कोणाकडे आहेत, हे मात्र कळायचा मार्ग नव्हता. मग दाजी हुडकून हुडकून त्या ग्रुपांत शिरले आणि "कृपया दुरुस्ती करून घ्यावी" असे संदेश टाकू लागले. बहुतेक ठिकाणी जाहिरात करणारा म्हणून त्यांना काढून टाकलं. एका ठिकाणी कोणीतरी लिहिलं, "हा म्हातारा फेक आहे, मूळ सरांच्या नोट्सच बरोबर आहेत."

आता ते मोटारसायकलवरून अभ्यासिका फिरतात. मंचर, कळंब, नारायणगाव, आळेफाटा. मीही एकदा बरोबर गेले होते. आळेफाट्याला हॉटेलांच्या मागे, ट्रकांच्या आवाजात, एका गाळ्याच्या वर मुलं वाचत बसली होती. दाजींनी त्या नदीचा खरा उगम फळ्यावर लिहिला. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "पण काका, नोट्समधी तर येगळं हाय."

"त्या नोट्स मीच लिहिल्यात."

मुलगा हसला. शेजारचा म्हणाला, "राव, ज्यानं लिहिल्यात त्यो कशाला चुकीचं लिहील?"

दाजींनी खडू खाली ठेवला. नुसतं म्हणाले, "पुस्तकात पाहा, बाळांनो. मी म्हणतो म्हणून नको." खाली आल्यावर आम्ही उसाचा रस घेतला. ते म्हणाले, "एकानं जरी पुस्तक उघडलं तरी बरं." उघडलं असेल असं मला वाटलं नाही, पण मी हो म्हटलं.

स्नेहल आता मंचरच्या एका दवाखान्यात काउंटरवर बसते. पुढच्या भरतीचा फॉर्म भरायचा की नाही, हे तिनं अजून ठरवलेलं नाही. बापाशी ती नीट बोलते, रागावलेली दिसत नाही, त्यांच्या गोळ्यांची आठवण करते. गेल्या महिन्यात मी तिथे गेले होते. जेवताना दाजी म्हणाले, "घोड नदीला पाणी सोडणार आहेत म्हणे, उद्या." साधी गोष्ट. स्नेहल "हं" म्हणाली, डाव्या हातानं मोबाइल घेतला आणि ते खरं आहे का ते पाहू लागली. मी ताईकडे पाहिलं, ताई वाढत राहिली. म्हणजे हे रोजचंच असावं. दाजी घास हातात धरून थांबले होते. स्नेहलनं वाचलं, मान हलवली, मोबाइल ठेवला. मग दाजी पुढचं बोलले.