पाणी आलं की!

समोरच्या घरातले काका बोलायचे ते एकच वाक्य. पहाटे गल्लीतल्या एकेका दाराची कडी वाजवत, "पाणी आलं की!" आमच्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. पाळी चुकू नये म्हणून हा माणूस बार्शीला सख्ख्या बहिणीकडे गेला तरी मुक्काम करायचा नाही.

त्याच काकांनी मागच्या आठवड्यात खांद्याला बॅग अडकवून माझी कडी वाजवली. "ताई, निघालो. अंदमानात एका बेटावर काम लागलंय. समुद्राचं पाणी गोडं करायचं मशीन हाय तितं."

माझ्या हातातला झाडू हातातच राहिला. "बेटावर? काका, तुम्ही?"

"व्हय की," म्हणाले आणि गेलेसुद्धा. या माणसाचं डोकं फिरलं की काय, मला कळेना.

आज पहाटे त्यांचा फोन. "ताई, उठलाय का न्हाय? आज पाळी हाय." धावत जाऊन नळ सोडला, तर पाणी धो धो! अख्खी गल्ली झोपलेली. मी घाईघाईनं फोन ठेवायला गेले.

"फोन ठेवू नका," काका म्हणाले. "शेजारची कडी वाजवा. मला ऐकू येऊ द्या की."