कडेवरून फिरणारा अंगठा

आम्ही पास केलेला लोखंडी तुकडा भाऊ पुन्हा हातात घ्यायचे, कडेवरून अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "पास झाला. पूर्ण नाही झाला."

रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या कारखान्यात, मापं तपासायच्या खोलीत, आमची टेबलं शेजारी होती. सगळे त्यांना भाऊ म्हणत. मी चिडवायचो, "भाऊ, काहून इतकं घासून राहिले? मशीनच्या पोटातच जाते ना ते?" ते हसत. "प्रभूनं पूर्ण व्हायले सांगितलं, पास व्हायले नाही." मला वाटे, माणूस भला आहे, पण फार कीस काढतो.

एकदा त्यांनी एका टर्नरनं लेथवर कातलेला सगळा माल नापास केला. मालकानं टर्नरला काढून टाकलं. महिन्याभरानं भाऊंना कळलं की माल बरोबर होता. त्यांचाच मायक्रोमीटर चुकीचं माप दाखवत होता. रोज सकाळी तो शून्यावर आहे का हे पाहणारे भाऊ नेमके त्याच दिवशी विसरले होते. कुणाला पत्ताही लागला नसता. भाऊंनी स्वतः जाऊन मालकाला सांगितलं. टर्नरला परत बोलावलं, पण तो आला नाही. त्यानं अभनपुरात वेल्डिंगचं दुकान टाकलं होतं.

त्या नाताळात मी त्यांच्या चर्चमध्ये गेलो. सगळे प्रभुभोजनाची भाकर घ्यायला पुढे गेले, भाऊ बाकावरच.

"काहून?"

"ज्याचं मन दुखवलं, आधी त्याच्यापाशी जाणं आहे. मग इथं."

दर शनिवारी ते रायपूरहून बसनं अभनपूरला जात. एकदा मीही गेलो. टर्नर वैतागला, "देल्ली माफी! जा आता, काम करू द्या मले."

भाऊंनी हात जोडले. "अजून राग आहे तुमाले. अन् तो बरोबर आहे. पुढच्या शनिवारी येतो."

परतताना चिडवायचं मला सुचलंच नाही. ज्या अंगठ्यानं ते लोखंड तपासत, तोच आता स्वतःवर फिरवत होते. मला पहिल्यांदाच त्यांची भीती वाटली, गाभाऱ्यापाशी वाटते तशी.

उन्हाळ्यात एका शनिवारी टर्नरनं आपणहून स्टूल पुढे सरकवलं, चहा मागवला. "बसा भाऊ." दुसऱ्या दिवशी भाऊंनी प्रभुभोजन घेतलं.

यंदा भाऊ गेले. कबरीवरचा लोखंडी क्रूस टर्नरनंच केला. रोवायच्या आधी तो कानस घेऊन कडा घासत बसला होता. शेवटी मी म्हणालो, "बस करा न, किती घासता?"

त्यानं वर पाहिलं नाही.

"त्याईचा अंगठा फिरन न यावरून."