"आपकी मम्मी से बात हो गई"

आमच्या घरात नवस, अंगारे, उतारे असलं काही कधी चाललं नाही. बाबांची शिकवणच तशी, आधी विचार कर आणि मगच मान. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. तरी जसं घडलं तसं सांगते...

आम्ही भिलाईत रिसालीला राहतो. बाबा स्टील प्लांटमधून रिटायर झालेले. आईला तीन वर्षांपूर्वी लकवा मारला, तेव्हापासून तिची वाचा गेली. समजतं सगळं, पण तोंडातून शब्द फुटत नाही.

मागच्या उन्हाळ्यात एका शुक्रवारी सकाळी बाबा छाती धरून अंगणातच खाली बसले. शेजारच्या लताकाकूंना आईपाशी बसवलं आणि मी बाबांना प्रायव्हेट हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले, "अटॅक आहे. स्टेंट टाकावा लागेल, उशीर नको." पण मेडिक्लेमचं अप्रूव्हल आल्याशिवाय काउंटरवाले फाइल पुढे सरकवेनात.

अकरा वाजता कंपनीची क्वेरी आली — त्रास कधीपासून? मी लिहून दिलं, आज सकाळपासून. बाराला पुन्हा तीच क्वेरी. रिपोर्टमध्ये दुखणं आधीचं दिसतंय, तुम्ही आजचं म्हणता, जुळत नाही म्हणे. बाबांना विचारलं तर त्यांनी तोंड फिरवलं.

"सकाळपासूनच दुखून राहिलं ना बाई. कितीदा सांगू तुले?"

मी काउंटरवर हात जोडले, भांडले, रडलेही. दीडच्या सुमारास माझा फोन वाजला. मेडिक्लेम कंपनीचे डॉक्टर होते.

"मॅडम, अप्रूवल भेज दिया है. आपकी मम्मी से बात हो गई."

"किससे?"

"आपकी मम्मी से. पॉलिसी के पुराने फॉर्म पर दूसरा नंबर उन्हीं का है ना? उन्होंने साफ बताया, मंगलवार को टंकी साफ करने छत पर चढ़े थे, तब से दर्द था. घर में छिपा रहे थे."

मी काही बोलायच्या आत फोन कट... आणि इकडे वॉर्डबॉय बाबांचं स्ट्रेचर आत घेऊन निघालेसुद्धा.

बाकावर बसून मी आईचा नंबर लावला. तिच्या आजारपणानंतर आम्ही तो बंदच केला होता. 'यह नंबर सेवा में नहीं है.' मग लताकाकूंना लावला.

"काकू, घरी कोणाचा फोन आला होता का?"

"नाही वो बाई. मी सकाळपासून ताईजवळच बसून हावो. कावून, काय झालं?"

डॉक्टरांनी चुकून दुसराच नंबर लावला असेल, तिकडच्या बाईनं उगाच हो-हो केलं असेल, असंही मनात आलं. पण टाकी? मंगळवार? हे तर मलाही माहीत नव्हतं! पुढे कंपनीच्या हेल्पलाइनवर विचारलं. रेकॉर्डला 'पत्नीशी बोलणे झाले' एवढंच होतं.

बाबा वाचले. तिसऱ्या दिवशी वॉर्डात मी हळूच विषय काढला.

"मंगळवारी टाकीवर चढले होते तुम्ही?"

ते दचकले. "तुले कोनं सांगितलं?"

"दुखते म्हणून कोणाला बोलले होते?"

त्यांनी दाराकडे बघून आवाज खाली आणला.

"तुह्या आईले. फक्त तिलेच... म्हटलं, ते कोनाले सांगते?"

घरी आल्यावर आईजवळ बसून विचारलं, "आई, तू फोनवर बोलली का?" ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. मी काय विचारतेय तेच कळत नसल्यासारखी. आणि खरं सांगू... मी काय विचारत होते, ते मलाही अजून नीट कळलेलं नाही.