आबांचा बिनफेसाचा साबण

आंघोळ घालायला सुरुवात करण्याआधी आबा साबणाची वडी पेशंटच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, “आधी तुमी हात लावून बघा. मग मी लावतो.”

माझ्या बाबतीत त्यांची पंचाईत झाली, कारण माझे दोन्ही हात प्लॅस्टरमध्ये होते. मग त्यांनी ती वडी माझ्या गालाला टेकवली. गार, गुळगुळीत, सायीच्या रंगाची. वास काहीच नाही.

“पटला का?”

“पटला,” मी म्हणालो. चड्डीवर, प्लास्टिकच्या खुर्चीत, दोन्ही हातांना कोपरापर्यंत पिशव्या बांधून बसलेल्या माणसाला काहीही पटतं.

हात कसे मोडले ते सांगायला लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. माझं बारामतीत फ्लेक्सचं दुकान आहे. तुम्ही कधी इकडे आला असाल, तर माझं काम नक्की पाहिलं असणार. चौकातला सिग्नल दिसला नसेल, तर तो माझ्यामुळेच. आयुष्यभर दुसऱ्यांचे वाढदिवस टांगले, तेव्हा पन्नाशीला स्वतःचाही फ्लेक्स केला आणि जळोचीला आमच्या कॉलनीच्या तोंडाशी लावला. गॉगल घातलेला फोटो, खाली शुभेच्छुक म्हणून मित्रांची नावं. त्यातल्या निम्म्यांना मी विचारलंही नव्हतं. खालून पाहिलं तर माझा चेहरा जरा डावीकडे कललेला वाटला. कामगाराला म्हणालो, “तुला नाही जमायचं,” आणि स्वतः शिडीवर चढलो. चेहरा सरळ झाला. मी खाली आलो, पण शिडीवरून नाही.

दवाखान्यात मित्र आले. माझ्या प्लॅस्टरसोबत फोटो काढून गेले. घरी आल्यावर खरे हाल सुरू झाले. माझी बायको इंदापूरकडच्या एका गावात झेडपीच्या शाळेवर शिक्षिका आहे, सकाळी तिला गाडी गाठायची असते. पहिल्या दिवशी तिने मला पोरांना घालावी तशी आंघोळ घातली. म्हणजे कान ओढून. दुसऱ्या दिवशी पाणी प्लॅस्टरमध्ये गेलं आणि आमचं कडाक्याचं भांडण झालं. तिसऱ्या दिवशी ती कुणाशी तरी फोनवर बोलली आणि निघून गेली. थोड्या वेळाने बादली हलवत आबा दारात उभे.

आबा मागच्या गल्लीत राहायचे. वालचंदनगरच्या बाजूला एका दवाखान्यात त्यांनी वॉर्डबॉय म्हणून नोकरी केली होती. निवृत्त झाल्यावर जळोचीत दोन खोल्या बांधल्या. बायको त्याआधीच गेलेली, मुलगी पुण्याला कंपनीत. सकाळी बुद्धवंदना झाली की सायकलच्या हँडलला पिशवी अडकवून ते बाहेर पडायचे आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना आंघोळी घालत फिरायचे. “एवढी वर्षं दवाखान्यात पुसून काढलं, नीट आंगुळ कुणाला घालायला मिळाली न्हाय,” म्हणायचे. अंगानं काटकुळे, आवाज मात्र लाउडस्पीकरचा, आणि स्वतःच्या साबणाबद्दल गर्व एवढा की माझा फ्लेक्स त्यापुढे काहीच नाही.

साबणाचं असं झालं, की आबांना हृदयाचा थोडा त्रास निघाला. मुलीने पुण्याहून ऑलिव्हच्या तेलाचे डबे आणून दिले आणि ह्यातच भाजी करायची म्हणून बजावलं. आबांनी त्यात दोडका केला. दोडका कुत्र्यानेही खाल्ला नाही. तेल फेकवेना, मुलीला सांगवेना. शेवटी मुलीनेच मोबाइलवर बघून त्यांना साबण करायला शिकवलं. भाजी ते पुन्हा शेंगदाण्याच्या तेलात करायला लागले, आणि हृदयासाठी आलेलं तेल जळोचीतल्या म्हाताऱ्यांच्या पाठींना लागायला लागलं.

मी तो कारखाना पाहिलाय. अंगणात स्टीलचं पातेलं, हातात रबरी मोजे, डोळ्यांना वेल्डरचा चष्मा. कॉस्टिक सोड्याचं पाणी तेलात सोडायचं आणि लाकडी उलथन्याने घोटत बसायचं. आधी नुसतं हिरवट पाणी दिसतं, मग हळूहळू ते पिठल्यासारखं दाटायला लागतं. खोक्यात ओतून दुसऱ्या दिवशी सुरीने वड्या पाडायच्या आणि फळीवर महिनोन्‌महिने वाळत ठेवायच्या. “नवा साबण आन्‌ नवा जावई,” आबा म्हणायचे, “लगीच वापराया काढू न्हाय.”

कधी घाणा बिघडायचाही. एकदा सगळ्याचा भुगा झाला. एकदा वड्या लोण्यासारख्या मऊच राहिल्या. मी हसलो तर म्हणाले, “मुद्दाम मऊ ठिवलाय. दात नसल्याल्यांसाठी.” चूक कबूल करणं हा त्यांच्यातला गुण नव्हता. म्हणूनच आमचं जमलं असावं.

तर ती पहिली आंघोळ. आबांनी वडी ओल्या तळहातांत फिरवली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मी वाट बघत राहिलो. पाठीवर काहीतरी बुळबुळीत सरकत होतं, भेंडी चिरल्यावर बोटांना लागतो तसा चिक. फेस म्हणून काही नव्हतं. मी हिरव्या, लिंबाच्या वासाच्या साबणावर वाढलेला माणूस. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झाल्याशिवाय आंघोळ झाली असं मला कधी वाटलं नव्हतं.

“आबा, फेस कुठंय?”

“फेस जाहिरातीत आसतो, शेठ. तुमच्या फ्लेक्सवर टाका.”

मग ते एकदम थांबले. बोट बादलीत बुडवून जिभेला लावलं. “हे बोअरचं पाणी हाय व्हय? तरीच. ह्यात माझा साबण दह्यागत फुटतोय.” ते तडक आमच्या स्वयंपाकघरात गेले आणि फिल्टरच्या पाण्याचं पातेलं गॅसवर ठेवलं. प्यायच्या पाण्याने माझी आंघोळ झाली. संध्याकाळी बायको आली आणि रिकामा फिल्टर बघून म्हणाली, “आता पिऊ काय? तुमच्या अंगावरचं?”

पण खरं सांगतो, त्या गोड्या पाण्यात ती वडी काही वेगळीच लागली. फुगे नाहीत, पण दुधाच्या सायीसारखा दाट, बारीक फेस. तो अंगावर उभा राहत नव्हता, पसरत होता. पाणी ओतल्यावर कातडी ताणल्यासारखी झाली नाही. मी बायकोला म्हणालो, “बघ, गाल कसा लागतोय.” ती म्हणाली, “हात धुऊन येते.” ती आली नाही, ते सोडा.

रोज सकाळी आबा यायचे. बोलणं अखंड. कुणाच्या पाठीला जखम होत होती ती कशी थांबली, कोणती म्हातारी नातसुनेला शिव्या देते, सगळं मला कळायचं. नाव मात्र ते कुणाचं घ्यायचे नाहीत. “नागडं बघितल्यालं माणूस गावात वळखायचं न्हाय,” हा त्यांचा नियम.

एका सकाळी ते माझं डोकं धूत होते. कानामागे, मानेवर, सावकाश. दुकान बंदसारखंच होतं. फोटो काढून गेलेल्या मित्रांपैकी कुणी पुन्हा फिरकलं नव्हतं. आई गेल्यापासून माझ्या डोक्यावरून असा कुणाचा हात फिरला नव्हता, हे मला त्या बाथरूममध्ये एकाएकी जाणवलं आणि मी रडायला लागलो. पन्नाशीचा माणूस, पिशव्या बांधलेला. डोळे पुसायलाही हात नाहीत.

“साबण डोळ्यात गेला,” मी म्हणालो.

“व्हय,” आबा म्हणाले. “लई झोंबतोय ह्यो.” आणि नळ सोडून, माझ्याकडे पाठ करून भरलेलीच बादली बराच वेळ भरत राहिले.

प्लॅस्टर निघाल्यावर उपकार फेडायचे म्हणून मी काय केलं असेल? बरोबर. फ्लेक्स. आबांचा हसरा फोटो, मागे फेसाचे मोठमोठे फुगे, वर ‘घरपोच आंघोळ’. कॉलनीच्या तोंडाशी, माझ्याच जागेवर. दुसऱ्या दिवशी आबांना फोन सुरू झाले. कुणी विचारत होतं, म्हशी धुता का. कुणी म्हणालं, नवरदेवाला हळदीनंतर घालाल का. आबा दुकानात आले. आवाज पहिल्यांदाच खाली होता.

“शेठ, मी ज्यांच्याकडं जातो त्यास्नी वाटंल, उद्या आपला बी फोटो लागतोय. काढा ते.”

मी काढला. तो त्यांनी मागून नेला. नंतर कळलं, एका म्हातारीच्या गादीवर ओलं लागू नये म्हणून अंथरलाय. “माझं तोंड खाली केलंय,” त्यांनी खुलासा केला. “तिला उगंच म्हातारा नगं.”

हातांत पुन्हा जोर आल्यावर डॉक्टरांनी मला हळूहळू स्कूटर चालवायची परवानगी दिली. मग मी आबांना मागे बसवून न्यायला लागलो. एकदा सोमेश्वरनगरच्या वाटेवर एका ऊस बागायतदार तात्यांकडे गेलो. तात्यांना अर्धांगवायू झालेला. आबांच्या वडिलांना एके काळी त्याच अंगणात ओंजळीत वरून पाणी ओतून प्यायला द्यायचे. हे आबांनी मला स्कूटरवर सांगितलं, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं. मला स्कूटर चालवणं जड गेलं.

“मग तुम्ही कशाला जाता?”

“त्यांच्या सुनंनं फोन केला. पाठ लाल व्हाया लागलीया म्हणली.”

मी बाहेर ओट्यावर बसलो. आत काय झालं ते आबांनीच परत येताना सांगितलं. वडी तात्यांच्या चांगल्या हातात दिली. त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवले.

“कुठला साबण?” तात्यांनी विचारलं.

“घरचा.”

“कुणाच्या घरचा?”

“माझ्या.”

“मग?” मी विचारलं.

“मग वडी हातात फिरवत ऱ्हायला. मला वाटलं, टाकतोय आता वडी. मग म्हणला, पाठीला आजून लाव.” आबा मागच्या सीटवर इतके हसले की माझी स्कूटर उसाच्या ट्रॉलीकडे झुकली.  तात्यांकडे ते पुढे शेवटपर्यंत जात राहिले. तात्यांच्या शेवटपर्यंत.

या उन्हाळ्याआधी आबाच पडले. पोटाचं दुखणं, उशिरा कळलेलं. पुण्याला नेऊन आणलं. मुलगी रजा टाकून घरी राहिली. एके दिवशी ती माझ्या दुकानात आली. चेहरा ओढलेला.

“काका, ते कुणालाच हात लावू देत नाहीत. मला तर नाहीच. बाई ठेवली तर तिला हाकलली. चार दिवस आंघोळ नाही. तुम्ही येता का?”

मी? मी तोवर स्वतःशिवाय कुणाला आंघोळ घातली नव्हती, आणि तीही बायकोच्या मते अर्धवट. पण गेलो.

आबा कॉटवर. आधीच काटकुळे, आता नुसती हाडं. मला बघून म्हणाले, “तुमी? तुमाला चेहरा सरळ लावता येत न्हाय.”

“चेहरा सोडून बाकीचं धुतो,” मी म्हणालो.

त्यांनी आधी अंगावरची चादर बाजूला सारली. मग हात वर केला, उठवायला.

त्यांना उचलताना मी घाबरलो. इतकं हलकं माणूस मी कधी उचललं नव्हतं. खुर्चीत बसवलं, सदरा काढला. मी थेंब थेंब पाणी ओतायला लागलो तसे ओरडले, “घाबरू नगा, मोडत न्हाय मी. वतायचं तर वता.” वडी माझ्या हातातून दोनदा सुटली. एकदा मोरीत गेली, मी ओणवा होऊन ती काढत होतो आणि आबा वरून सूचना देत होते. बरगड्या मोजता येतील अशी पाठ. तिच्यावर मी हात फिरवला. तो पातळ, पांढरा फेस हाडांच्या खाचांतून सावकाश खाली उतरत होता.

“काखंत,” आबा म्हणाले. “लाजता काय? कानामागं. हां. जरा जोरात.” आणि मग, डोळे मिटून, “आता बोलू नगा.”

मी काही बोलतच नव्हतो. 

अंग पुसलं. मुलीने पांढरा सदरा काढून दिला, तो घातला. केस विंचरले, भांग वाकडा पडला म्हणून त्यांनी तो पुन्हा पाडायला लावला. आत नको, बाहेर बसवा म्हणाले. अंगणात कोवळं ऊन होतं. आम्ही दोघांनी खुर्ची उचलून तिथे ठेवली.

आबा गेले ते पुढच्याच आठवड्यात. मला मात्र ते त्या सकाळचेच दिसतात. रस्त्यावरून एक दूधवाला चालला होता. एवढे नटूनथटून बसलेले आबा बघून त्याने गाडी हळू केली आणि हाक मारली, “काय आबा, कुठं निघाला?”

“कुठं न्हाय,” आबा म्हणाले. “आंगुळ झाली. बसलोय.”