बसून करायचं काम

आमच्या प्रशिक्षण केंद्रात हिराबाई रोज सगळ्यांच्या आधी यायच्या आणि बसण्यापूर्वी पदराने खुर्ची पुसायच्या. शिपाई वैतागायचा, "मावशी, आत्ताच पुसलीय हो!" त्या हसायच्या, "आसू दे रे. तिलाबी कळू दे, मी आल्ये ते." वर्ग सुटला की खुर्ची टेबलाखाली नीट सरकवून मगच पिंपळगावची बस धरायच्या. बाकीच्या जणी खुर्च्या कशाही टाकून पळायच्या.

द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये वीस वर्षं त्यांनी उभ्याने घड निवडले होते. पोटऱ्यांवरच्या शिरा गाठी येऊन फुगलेल्या, वय चव्वेचाळीस. सरकारी खर्चाने शिलाई मशीन शिकवतात आणि कारखान्यात नोकरीही लावून देतात, असं कोणीतरी सांगितलं, म्हणून सातपूरच्या आमच्या केंद्रात, माझ्या नोंदणीच्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. फॉर्मवर 'अपेक्षित नोकरी' असा एक रकाना असतो. काय लिहू विचारलं, तर म्हणाल्या, "बसून करायचं काम लिवा, सायेब. पगार कितीबी आसू द्या, पर बसून." मला हसू आलं. आज त्या हसण्याची लाज वाटते.

बाईंच्या हातात काय सफाई होती! त्यांनी बसवलेली कॉलर शिकवणाऱ्या मॅडम वर्गभर फिरवून दाखवायच्या. परीक्षेत पहिल्या आल्या. पण मुलाखतीला येणारे कारखानेवाले आधी वय विचारत आणि मग कागद बाजूला ठेवत. "म्हातारी म्हनले नाय," त्या मला सांगत, "पर बघितलं तसंच. म्हनलं, माझं काय इचारता, मशीनला इचारा की!"

मग मार्च आला. नोकरी लागलेल्यांचा आकडा कमी पडत होता आणि आमचे अधिकारी रोज डोकं खात होते. मी हिराबाईंना फोन लावला. "ताई, सध्या कामाला जाता ना?"

"जाते की. सीझन हाय. परत पॅकहाऊसात उभी हाय."

बस्स. मी कॉम्प्युटरवर त्यांच्या नावापुढे 'नोकरी मिळाली' असं टाकून दिलं. कामाला जातात, मग खोटं कुठे आहे, अशी स्वतःची समजूत घातली. सगळेच असं करतात, हेही वर स्वतःला सांगितलं.

जूनमध्ये गणवेश शिवणारा एक कारखानदार आला. त्याला वयाची अट नव्हती. उलट "पोक्त बायका द्या, त्या टिकतात," म्हणाला. कॉम्प्युटरने नोकरी न लागलेल्यांची यादी काढली. तीत हिराबाई कुठून असणार? नोंद चुकलीय, एवढं एक पत्र मी वर दिलं असतं, तर दोन दिवसांत त्यांचं नाव आलं असतं. पण मग माझ्या बाकीच्या नोंदीही उकरून काढल्या असत्या. मी घाबरलो. गप्प बसलो.

हिराबाईंच्या कानावर गेलंच. आल्या. "सगळ्यांची नावं हायेत, माझंच कसं नाय, सायेब?"

"यादी वरून येते, ताई," मी स्क्रीनकडे बघत म्हणालो.

त्या उलट माझीच समजूत काढू लागल्या. "आसू द्या. तुमच्या हातात आसतं तर तुमी दिलंच आसतं." खुर्ची टेबलाखाली सरकवून त्या गेल्या. जागा भरल्या. नोंद अजून तशीच आहे. मी भित्रा माणूस, दुसरं काय म्हणू?

परवा पॅकहाऊसमधल्या दोघी नाव नोंदवायला आल्या. "हिरामावशीनं धाडलं," त्यातली एक म्हणाली. "म्हनल्या, तिथले सायेब खोटं सांगत नाय."

मी विचारलं, "कशा आहेत त्या?"

"हायेत. पायाला पट्ट्या गुंडाळून उभ्या ऱ्हात्यात."

मी फॉर्म पुढे ओढला. 'अपेक्षित नोकरी'पाशी पेन थांबलं. "काय लिहू?"

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. "मावशीनं सांगितलंय ना काय सांगायचं ते. बसून करायचं काम लिवा."

मी लिहिलं. मान वर केली, तर दोघी अजून उभ्याच होत्या. बसा म्हणायचं मला सुचलंच नव्हतं.